गोगलगायीचे गाव

वार्षिकांकासाठी प्रत्येकाने काहीतरी लिहून द्यावे, असे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मी मान खाली घातली. आमच्या घरातले कोणाचे नाव आजवर छापून आले असेल तर ते मतदारयादीत, नाहीतर लग्नपत्रिकेत. बाबा सातवी शिकले, आई चौथी. कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. खरे तर तो मान ताईचा होता, पण त्याबद्दल पुढे सांगेन. "कविता दे, नाहीतर पावसाळ्यावर लिही," असे मैत्रिणींनी सुचवले. ठीक आहे, पावसाळ्यावरच लिहिते. पण माझ्या पावसाळ्यात मोर नाचत नाही की इंद्रधनुष्य उगवत नाही. माझ्या पावसाळ्यात गोगलगाय निघते.

हसलात ना? वर्गातही सगळे हसले. दोन दिवस मला त्याच नावाने हाक मारणे चालले होते. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून पक्क्या माणसाला लावतो. पुढे वाचनात आले की शास्त्रज्ञांनी या प्राण्याच्या वर्गाला जे ग्रीक नाव दिले आहे, गॅस्ट्रोपोडा, त्याचाही अर्थ 'ज्याचे पोट हाच पाय' असाच होतो. म्हणजे पंडितांनी ग्रीक भाषा धुंडाळून जे नाव शोधले ते आमच्या आजीच्या तोंडी आधीपासूनच होते! आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "मंग त्याईनं मलेच इचारलं असतं तं!"

असो. मूळ गोष्ट २०२२ च्या जुलैची आहे.

माझ्या ताईचे सासर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. आमच्या महागावातून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग उमरखेड, हदगाव, नांदेड, अहमदपूर, लातूर असे करीत औशावरूनच पुढे तुळजापूरला जातो. त्यामुळे ताई आणि आम्ही एकाच रस्त्यावर राहतो असे आई म्हणते. मधे सात-आठ तासांची एस.टी. आहे, हे ती सोडून देते. ताई बारावीला विज्ञान शाखेत होती. जीवशास्त्राची तिला विलक्षण आवड. बेडकाची, गांडुळाची, फुलाच्या छेदाची चित्रे ती अशी काढायची की तिची वही पुढच्या तीन वर्षांच्या मुलींकडे फिरत राहिली. बारावीला तिला माझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त गुण होते. पण त्या वर्षी बोंडअळीने कापूस गेला होता, स्थळ चालून आले होते आणि मुलाकडचे हुंडा मागत नव्हते. एवढे सांगितले म्हणजे आपल्या भागात पुढचे सांगावे लागत नाही.

तर त्या जुलैत ताई पहिले बाळंतपण आटोपून तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन सासरी गेली आणि बाळाला सांभाळायला सोबत म्हणून मला पाठवण्यात आले. मी तेव्हा बारावीत होते. गेल्यावर दोन दिवस बाळाला खेळवण्यात मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी शेतातून आले ते न बोलता ओसरीवर बसले. सोयाबीन उगवून आठ-दहा दिवस झाले होते. पहिल्या दोन जाड पानांचा हिरवा पट्टा आदल्या दिवशी दुरून नजरेत भरत होता. आता बांधालगतच्या दहा-बारा तासांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. कोणी म्हणाले ससा, कोणी म्हणाले पाखरे. रात्री बॅटरी घेऊन गेल्यावर कळले. तासातासांतून, बांधावर, लिंबाच्या खोडावर, विहिरीच्या कठड्यावर गोगलगायी चढलेल्या. आपण लहानपणी पाहिलेल्या बोटाच्या पेरावर मावणाऱ्या नव्हेत. मुठीएवढ्या! लांबट टोकदार शंख, त्यावर तपकिरी पट्टे. आणि शेतात उभे राहून कान दिला तर एक बारीक करकर ऐकू येत होती. त्यांच्या जिभेवर कानशीसारखी हजारो बारीक दातांची पट्टी असते, तिने त्या पान खरवडतात, हे मला नंतर समजले. तेव्हा मात्र त्या आवाजाने अंगावर काटा आला. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या जलमात असलं कदी बघितलं न्हाई माय."

त्या वर्षी हे एकट्या भाऊजींच्या शेतात घडले नव्हते. लातूर, बीड आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवण खाऊन टाकली. कित्येकांनी दुबार पेरणी केली. काहींची तीही गेली. वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, शासनाने मदत जाहीर केली. उपाय सगळीकडे एकच सांगितला जात होता. संध्याकाळी गोणपाट ओले करून बांधावर ठिकठिकाणी टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवा. हाताला पिशवी बांधल्याशिवाय शिवू नका.

आम्ही वेचल्या. बाळ झोपले की मी आणि ताई, दोघी बादली घेऊन जायचो. एका बाजूने भाऊजी, दुसऱ्या बाजूने आम्ही. ताई मोजत असे. तिला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. कालनिर्णयच्या पानामागे ती रोजचा आकडा लिही. पहिल्या रात्री सहाशे चाळीस, दुसऱ्या रात्री नऊशे दहा. तिसऱ्या रात्री हजाराच्या पुढे गेल्यावर भाऊजी म्हणाले, आता मोजू नको. तरी तिने मोजले. मिठाच्या पाण्यात पडले की त्यांना फेस येतो. ताई तिकडे बघत नसे. एकदा बादलीवर गोणपाट टाकून ती बांधावर बसली आणि म्हणाली, "तिचा काय गुन्हा हाये वं? तिले इथं आणलं कोनं?"

मी म्हटले, पावसाने आली असेल.

"नाई," ती म्हणाली. "ही इथली नोय. इथली असती तं तिले खानारं बी इथं असतं. तू कालेजात जाशीन तवा पाहून ठेव. मले सांगजो."

मित्रहो, मला आजवर पुष्कळांनी प्रश्न विचारले, परीक्षेत तर विचारतातच. पण उत्तर मिळालेच पाहिजे असे वाटावे असा प्रश्न मला हा एकच विचारला गेला आहे.

परत येताना ताईच्या सासूबाईंनी मला मोगऱ्याचे रोप दिले. दुधाच्या पिशवीत माती भरून त्यात लावलेली फांदी. सात तास ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. नांदेडच्या स्थानकावर गाडी बदलताना माझी स्वतःची पिशवी विसरता विसरता राहिली, पण मोगरा हातात होता. घरी न्हाणीच्या मागे, ओल राहते तिथे तो लावला. ताईच्या अंगणातला मोगरा आमच्या अंगणात आला याचे आईला एवढे अप्रूप की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. पुढच्या उन्हाळ्यात त्याला सात फुले आली. ताईचा फोन आला की पहिला प्रश्न बाळाच्या आजीच्या तब्येतीचा आणि दुसरा मोगऱ्याचा.

२०२३ च्या जूनअखेर पहिला दणदणीत पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा न्हाणीमागून कौतुकाने ओरडले, "बाप्पा! केवढी हाये थे, पाहा तं!"

मी जाऊन पाहिले. लांबट टोकदार शंख. तपकिरी पट्टे.

त्या दिवशी मी दिवसभर कोणाशी बोलले नाही. आमचे तीन एकर वावर घरामागच्या नाल्यापलीकडे आहे. न्हाणीच्या भिंतीपासून नाला चाळीस पावले. कापसाची लागवड झाली होती, सोयाबीन अजून कोंब काढत होते. औशाच्या त्या नुसत्या काड्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. संध्याकाळी बाबा चहा पीत असताना मी सगळे सांगितले. ही गोगलगाय आपली नाही, ती ताईच्या गावची आहे, आणि तिला मी आणली आहे, मोगऱ्याच्या मातीतून, मांडीवर बसवून.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी कुदळ घेतली. आईने चुलीवर हंडाभर पाणी उकळत ठेवले. मोगऱ्याच्या मुळाशी चार बोटे खाली अंडी निघाली. भिजलेल्या साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर. मी मोजली, एकशे सात. एक गोगलगाय एका वेळेला दोनशेपर्यंत अंडी घालू शकते, वर्षातून अनेकदा घालते आणि प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही असल्यामुळे कोणतीही अंडी घालते. कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून ती महिनोन् महिने मातीत पडून राहते. माझ्या मोगऱ्याच्या पिशवीत नेमके काय आले होते, अंडी की पिल्लू, ते आता सांगता येणार नाही. आईने मोगऱ्याची मुळे धुऊन तो दुसरीकडे लावता येईल का असे विचारले. बाबा म्हणाले, "झाड गेलं तं गेलं. वावर गेलं तं खाऊ काय?" उकळते पाणी मुळाशी ओतले. मोगरा दोन दिवस हिरवा राहिला आणि मग एकदम काळा पडला.

पुढच्या रविवारी ताईचा फोन आला. "मोगरा कसा हाये?" मी म्हटले, "चांगला हाये. फुलला."

यानंतर मी बी.ए.ला प्रवेश घेतला. शास्त्र घेणे परवडण्यासारखे नव्हते, त्याविषयी तक्रार नाही. पण ताईचा प्रश्न माझ्याजवळ होता आणि आता त्यात माझा स्वतःचाही एक प्रश्न मिसळला होता. भूगोलाच्या सरांना एकदा धीर करून विचारले. त्यांनी हसण्यावारी न नेता मला वाचायला दिले, इंग्रजी वाचताना अडले की शब्द सांगितले. वाचता वाचता मला विल्यम बेन्सन भेटले.

या गोगलगायीचे शास्त्रीय नाव अचॅटिना फुलिका. ती मूळची आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची. तिथून माणसांबरोबर ती मादागास्कर, मॉरिशस या बेटांवर गेली. आणि १८४७ साली मॉरिशसहून आणलेल्या जिवंत गोगलगायी कलकत्त्याला चौरंगी भागातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. ही गोष्ट ज्यांच्या नावावर आहे ते बेन्सन कंपनी सरकारच्या मुलकी सेवेत होते आणि त्यांना गोगलगायींचाच नाद होता. हिंदुस्थानातल्या कितीतरी गोगलगायींची पहिली शास्त्रीय वर्णने त्यांची आहेत. मला हे वाचून प्रथम राग आला आणि लगेच ओसरला. एवढा जाणता माणूस, सबंध देशात गोगलगायी ज्याच्याइतक्या क्वचितच कोणी ओळखत असेल, त्याच्याही हातून बागेत हे सुटते. मग माझी दुधाची पिशवी कोण तपासणार होते? अर्थात त्याने माझे ओझे हलके झाले असे नाही. औशाच्या बांधावर बसून ताईने विचारले होते, तिले इथं आणलं कोनं? त्याचे उत्तर मला मिळाले होते. आमच्या अंगणापुरते ते उत्तर वेगळे होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. ती प्रशांत महासागरात जाते, आणि मला वाटते खरी वाईट गोष्ट तिथली आहे.

ताहिती बेटाजवळ मूरेआ नावाचे एक छोटे बेट आहे. त्यावर पार्टुला नावाच्या लहान गोगलगायी राहत, पेरभर उंचीच्या. एका बेटावर सात जाती आणि त्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. कुजलेली पाने आणि झाडावरचे शेवाळ खायचे, एका वेळी एकच पिल्लू द्यायचे, तेही अंडे न घालता जिवंत. कोणाच्या पिकाला त्यांचा उपद्रव नाही. बेटावरच्या बायका त्यांच्या शंखांच्या माळा करीत. हेन्री क्रॅम्प्टन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुनःपुन्हा तिथे गेले आणि एका दरीतली पार्टुला शेजारच्या दरीतलीपेक्षा कशी वेगळी होत जाते हे त्यांनी हजारो शंख मोजून मांडले. (मोजणाऱ्या माणसांविषयी मला आपुलकी वाटते, कारण उघड आहे.)

मग त्या बेटांवर आपली ही आफ्रिकी पाहुणी पोचली. तिने बागा आणि मळे खायला सुरुवात केली. लोक हैराण झाले. तेव्हा तिला खाणारी म्हणून दुसरी एक गोगलगाय अमेरिकेच्या फ्लोरिडा भागातली आणून सोडली गेली. ती दुसऱ्या गोगलगायींचा माग काढत जाते आणि त्यांना खाते. मूरेआवर ती १९७७ साली आली. तिने आफ्रिकी गोगलगायीचे फारसे काही वाकडे केले नाही. तिला छोटी, मऊ, पळता न येणारी पार्टुला सापडली. दहा वर्षांत, १९८७ पर्यंत, मूरेआच्या जंगलातून साती जाती नाहीशा झाल्या असे मानले गेले. शेजारच्या रायाटेआ बेटावरची पार्टुला टर्जिडा नावाची जात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका डब्यात तगून होती, तिच्यातली शेवटची १९९६ च्या जानेवारीत मेली.

ताई म्हणाली होती ना, इथली असती तर तिला खाणारेही इथे असते! मूरेआच्या लोकांनीही तोच विचार केला. खाणारे आणले. फक्त त्याने काय खायचे हे त्याला सांगता आले नाही. हा भाग मी ताईला फोनवर सांगितला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मंग गोणपाटच बरं."

हवाई बेटांवरही असेच झाले. तिथली झाडांवर राहणारी एक जात उरली होती, तिच्यातल्या शेवटच्या दहा गोगलगायी १९९७ साली जंगलातून प्रयोगशाळेत आणल्या. त्यांना पिल्ले झाली, पण हळूहळू सगळी मेली. एकच राहिली. तिचे नाव ठेवले जॉर्ज. जॉर्ज वर्षानुवर्षे काचेच्या पेटीत एकटा होता आणि १ जानेवारी २०१९ या दिवशी तो मेला. सगळे जग नव्या वर्षाच्या शुभेच्छा देत होते त्या दिवशी एक पूर्ण जात संपली. मी त्या दिवशी काय करीत होते ते आठवण्याचा प्रयत्न केला. आठवीत होते. बहुधा शाळेत तिळगुळाच्या कार्यक्रमाची तयारी चालली असेल.

सगळेच वाईट आहे असे नाही. प्राणिसंग्रहालयांतून जगवलेल्या पार्टुला २०१५ पासून पुन्हा त्या बेटांवर सोडायला सुरुवात झाली आणि २०२४ मध्ये मूरेआच्या जंगलातच जन्मून मोठी झालेली पार्टुला सापडली. पोर्तुगालच्या मादेइराजवळ देझेर्ताश नावाची ओसाड बेटे आहेत. तिथल्या मटाराच्या दाण्याएवढ्या दोन जातींच्या गोगलगायी नष्ट झाल्या असे समजत होते. शोध घेणाऱ्यांना कड्याकपारीत थोड्या जिवंत सापडल्या. त्या इंग्लंडला नेऊन चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची वीण वाढवली आणि २०२४ मध्ये तेराशेहून अधिक पिल्ले बुजिओ नावाच्या बेटावर नेऊन सोडली. प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका, म्हणजे पुन्हा भेटली तर ओळख पटावी. तेराशे! भाऊजींच्या बांधावर आम्ही एका रात्रीत जवळजवळ तेवढ्याच मिठात घातल्या होत्या. एकीकडे माणसे एकेक गोगलगाय जपून विमानातून नेतात आणि दुसरीकडे आम्ही बादल्या भरतो, आणि दोन्ही माणसे आपापल्या ठिकाणी बरोबरच आहेत. मला हे अजून नीट पचलेले नाही.

सर म्हणाले, "अगं, समुद्रापार कशाला जातेस? आपल्या सह्याद्रीत बघ." आणि त्यांनी मला क्रेम्नोकॉंकसबद्दल सांगितले. नाव उच्चारायला मला आठवडा लागला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कड्यावरचा शंख. हे एका अशा कुळातले आहेत की त्या कुळातले बाकी सगळे जगभर समुद्राच्या किनाऱ्यावर, लाटा आपटतात त्या खडकांवर किंवा खाडीतल्या झाडांवर राहतात. कोकणात गेलेल्यांनी त्या खडकांवरच्या छोट्या शंखांची दाटी पाहिली असेल. त्या सबंध कुळात गोड्या पाण्यात राहणारी ही एकच प्रजाती आणि ती सह्याद्रीखेरीज कुठेही नाही. धबधब्याच्या तुषारांनी भिजलेल्या उभ्या कड्यावर ते चिकटून असतात, दगडावरचे शेवाळ खातात. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६३ साली त्यांतल्या एका जातीचे वर्णन छापले आणि तिला आपल्या डोंगराचेच नाव दिले, सह्याद्रेन्सिस. महाराष्ट्रात यांच्या तीन जाती आहेत, खंडाळ्यापासून महाबळेश्वरपर्यंतच्या घाटमाथ्यावर. कर्नाटकातल्या सहा नव्या जातींचे वर्णन तर अलीकडे २०१३ साली प्रसिद्ध झाले, त्यांतल्या एकीचे नाव चक्क 'हनुमानी' आहे. ओला कडा सोडून त्यांना जगता येत नाही. मधला कोरडा डोंगर म्हणजे त्यांना समुद्रच. भोवती पाणी असलेली जमीन म्हणजे बेट असे आपण शाळेत घोकले. इथे भोवती जमीन असलेले पाणी हे बेट आहे.

ज्या काळ्या दगडाचे ते कडे आहेत तोच दगड आमच्या महागावात विहीर खणताना लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा थर सह्याद्रीपासून आमच्यापर्यंत आणि पुढे नागपूरपर्यंत पसरला आहे. दोन लाव्हांच्या मधल्या काळात जी तळी झाली त्यांच्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख दगड होऊन राहिले. नागपूरजवळच्या टाकळीचे असे शंख स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० नंतरच्या काळात गोळा केले होते. नागपूरचे कॉलेज ज्यांच्या नावाचे, तेच हे. हे बाबांना सांगितले तर ते म्हणाले, "म्हंजे आपल्या आधीपासून हायेतच त्या." मी म्हटले, त्या आहेत, ही नाही.

गेल्या सप्टेंबरात आमची शैक्षणिक सहल कार्ला आणि खंडाळ्याला गेली. सहलीचे पैसे देताना बाबांनी विचारले, काय पाहणार? लेणी, असे मी म्हटले. ते खोटे नव्हते, लेणी पाहिलीच. पण घाटात बस थांबली आणि सगळ्या मुली फोटो काढायला धबधब्याकडे धावल्या तेव्हा मी रस्त्याच्या कडेच्या काळ्या कड्याला नाक लावून उभी राहिले. वरून पाणी झिरपत होते. शेवाळाच्या कडेला, दगडाच्या एका फटीत, ज्वारीच्या दाण्याहून थोडे मोठे, गडद तपकिरी पाच-सहा शंख बसलेले दिसले. एकाला बोट लावले तर तो दगडाला घट्ट धरून राहिला. ते क्रेम्नोकॉंकसच होते असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सर दुसऱ्या बसमध्ये होते. माझ्या मोबाईलवर काढलेला फोटो धूसर आला. एक शंख काढून रुमालात बांधून आणावा आणि सरांना दाखवावा असे क्षणभर मनात आले. रुमाल काढलाही. मग दुधाची पिशवी आठवली आणि रुमाल परत ठेवला. मैत्रिणी म्हणाल्या, "हिला धबधबा सोडून भिंत बघायला आवडते."

घरी आल्यावर मी तो धूसर फोटो ताईला पाठवला. तिचे उत्तर रात्री उशिरा आले, बाळ झोपल्यावर. तिने फोटोवरून कागदावर पेन्सिलीने चित्र काढून त्याचाच फोटो पाठवला होता. फटीतले पाच शंख, शेवाळाची रेघ, पाण्याचा थेंब. प्रत्येक भागाला बाण काढून नाव लिहिलेले, बारावीच्या वहीतल्यासारखे. खाली लिहिले होते, "नाव सांग, लिहायचे आहे." मी नाव पाठवले. तिने एका अक्षराचीही चूक न करता ते लिहिले.

आमच्या अंगणात २०२३ च्या पावसाळ्यात त्या अंड्यांखेरीज चौदा गोगलगायी सापडल्या. २०२४ मध्ये तीन. नाल्यापलीकडे एकही नाही. बाबा पेरणीनंतर महिनाभर रोज पहाटे बांधाने फिरतात आणि आल्यावर मला आकडा सांगतात, मी तो कालनिर्णयच्या पानामागे लिहिते. आजवर तो शून्य आहे. या जूनमध्ये पुन्हा गोणपाट भिजवायचे आहे.

मोगऱ्याबद्दल मी ताईला अजून खरे सांगितलेले नाही. दर उन्हाळ्यात ती विचारते आणि दर उन्हाळ्यात तो आमच्या अंगणात फुलतो, मागच्या वर्षी तर मी 'वीस फुले' असे सांगून बसले. हा अंक निघाला की एक प्रत मी तिला एस.टी.ने पाठवणार आहे. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, जाहिरातीसुद्धा. त्यामुळे हे तिला इथेच समजेल.